वाटणीतला चेहरा

थोरली जन्मली तेव्हा बापाने सुटलो म्हणून चहा मागवला, आणि तो चहा गार व्हायच्या आत धाकटी आली. दोघींतलं अंतर काय ते एवढंच. पण तेवढ्यावर एक जन्माची थोरली झाली आणि दुसरी जन्माची धाकटी. जबाबदाऱ्या आल्या की थोरलीच्या, कौतुकं आली की धाकटीची. धाकटी तिला एरवी 'ए' म्हणायची. काही काम करून घ्यायचं असलं की 'ताई' म्हणायची. पन्नाशी उलटून गेली तरी त्यात फरक पडला नव्हता.

चेहरा मात्र एकच. नाक तेच, भुवयांची कमान तीच, हसताना डाव्या गालावर पडणारी खळीसुद्धा तीच. थोरलीला धाकटीच्या कितीतरी गोष्टींचा हेवा वाटत आला होता. धाकटीचा आवाज गोड. धाकटीने सोडलेले धडे नेमके परीक्षेत येत नसत. धाकटीचं लग्न मोडलं तेव्हा सगळे तिला सावरायला धावले. थोरलीचं टिकलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. धाकटी एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या काउंटरवर उभी असायची, भोवती दिवे आणि सुवास. थोरली लाँड्रीच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून लोकांच्या कमरा सैल करायची आणि ओघळलेले खांदे आत घ्यायची. तरीही तिला एक समाधान होतं. चेहऱ्याची वाटणी चोख झाली होती. तिथे धाकटीला तिळभरही जास्त मिळालं नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या, तशा धाकटीच्याही आल्या. हनुवटीखालची कातडी सुटली, ती दोघींची एकाच हिवाळ्यात.

आणि एका रविवारी धाकटी म्हणाली, "ताई, मी फेसलिफ्ट करून घेतेय."

"काय?"

"गालांची सैल कातडी वर ओढून कानापाशी शिवतात. हनुवटीखालचीही. दहा वर्षं कमी दिसतात म्हणे."

थोरलीच्या हातात तेव्हा गोळ्यांची डबी होती. या डबीचं थोडं सांगायला हवं. थोरलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग होती. माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल, लसणाच्या अर्काच्या, व्हिटॅमिन ई, जिन्सेंग, आणि कुठल्याशा झाडाच्या पानांच्या, स्मरणशक्तीसाठी. "त्या तेवढ्या घ्यायला विसरू नकोस," असं तिचा नवरा रोज न चुकता म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण थोरलीची या गोळ्यांवर भारी भिस्त होती. ती दर आठवड्याला सात खणांच्या दोन डब्या भरायची, एक स्वतःची, एक धाकटीची, आणि रविवारी धाकटीची डबी तिच्या घरी पोचवायची. "एकटी राहते बिचारी, तिच्याकडे मी नाही बघायचं तर कुणी?" असं ती चारचौघांत म्हणायची, आणि म्हणताना तिच्या जिवाला फार बरं वाटायचं. कारण जगात ही एकच गोष्ट होती, जिच्यात धाकटी तिचं निमूट ऐकत होती.

"कशाला ही भलती थेरं?" थोरली म्हणाली. "या वयात?"

"या वयातच करतात. विसाव्या वर्षी कोण करेल?" धाकटीने डबी घेतली आणि टेबलावर ठेवली. "दुकानात नवीन मॅनेजर आलाय. गेल्या महिन्यापासून मला आतल्या खोलीत बसवलंय, पार्सलं बांधायला. काउंटरवर ताजे चेहरे हवेत म्हणे."

"मग बांध की पार्सलं. मीही आतल्याच खोलीत बसते."

"तुला सवय आहे," धाकटी म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं, पण थोरलीला ते घरी पोचेपर्यंत पुरलं.

सर्जनकडे जाताना धाकटीने तिला सोबत नेलं. सर्जन एक बाई होत्या, वयाने दोघींच्या मुलीसारख्या, नखं बारीक कापलेली, बोलणं नेमकं. त्यांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

"मी," धाकटी म्हणाली.

"मी नाही," थोरली म्हणाली, जरा मोठ्यानेच.

मग प्रश्न सुरू झाले. रक्तदाब, साखर, सिगरेट, आधीची ऑपरेशनं. "आणि रोज काय काय घेता? गोळ्या, टॉनिक, पावडरी, दुकानातून स्वतःच आणलेलं काहीही?"

धाकटीने थोरलीकडे बोट दाखवलं. "ते खातं हिच्याकडे आहे."

थोरली सावरून बसली. असं कुणी विचारावं म्हणून ती कित्येक वर्षं थांबली होती. एकेक नाव, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, सगळं तिने सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होत्या. आता ह्या वाखाणणार, असं थोरलीला वाटलं.

"हे सगळं बंद," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे यातलं काहीही पोटात जाता कामा नये. माशाचं तेल, लसूण, ई, जिन्सेंग, ती पानं, या सगळ्यांनी रक्त लवकर गोठत नाही. मी चेहऱ्याची कातडी उचलणार. तिच्याखाली रक्त साकळलं तर कातडी मरू शकते. डोकं दुखलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही."

"पण ही काही औषधं नव्हेत," थोरली म्हणाली. "नैसर्गिक आहे सगळं."

"विंचवाचं विषही नैसर्गिकच असतं, ताई."

धाकटी खुदकन हसली. थोरलीचे कान तापले.

"मग घेऊ तरी काय?" धाकटीने विचारलं.

"जेवणात प्रोटीन वाढवा. व्हिटॅमिन सी चालेल. रक्त तपासू, लोह कमी निघालं तर त्याच्या गोळ्या मी देईन. ऑपरेशननंतर जखम भरायला प्रोटीन, सी आणि थोडं झिंक. बाकीचं मी सांगेन तेव्हा." उठता उठता डॉक्टरांनी पुन्हा दोघींकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "नंतर तुम्ही दोघी शेजारीशेजारी चालत गेलात ना, की माझी फुकट जाहिरात होईल. एक आधीची, एक नंतरची."

धाकटी हसली. थोरलीही हसली, कारण तसं हसायची रीत असते. पण 'आधीची' हा शब्द कुसळासारखा तिच्या बोटात रुतला तो रुतलाच. मशीनवर बसली की ठसठसायचा. कुणाच्या तरी पँटची मांडी आत घेताना ती विचार करायची, आजवर लोक विचारायचे, तुमच्यातली कुठली कोण? आता कुणी विचारणार नाही. आता बोट दाखवतील. धाकटीचा चेहरा आधी कसा होता ते लोकांना कळावं म्हणून थोरली गावभर हिंडणार, तेही स्वतःच्या पायांनी, फुकटात.

आणि चेहरा काय एकट्या धाकटीचा होता? दोघींच्या सामाईक गोष्टीला एकीने परस्पर हात लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? नवऱ्याला तिने हे विचारून पाहिलं.

"तुलाही करून घ्यायचंय का?" तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"मला काय कमी आहे?"

"काही नाही," तो घाईने म्हणाला. "मी कुठं काय म्हणालो?"

ऑपरेशनची तारीख ठरली. रविवारची डबी भरायला थोरली खिडकीपाशी उभी राहिली. सातही खणांत तिने व्हिटॅमिन सी टाकली. डबी हलकी लागली. कशीतरीच, भिकारड्यासारखी. इतक्या वर्षांत तिच्या गोळ्यांनी कुणाचं वाईट झालं होतं? कालची पोर येते आणि विंचू म्हणते! थोरलीने माशाच्या तेलाची बाटली उघडली. एकेक पिवळी कॅप्सूल सातही खणांत पडली. मग लसणाची. मग ई. स्मरणशक्तीची तिने हातात घेतली आणि परत ठेवली, जणू तेवढ्याने काही सुटणार होतं.

तिला बहिणीचं वाईट करायचं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. थोडंसं काळंनिळं पडलं तर पडलं. चेहरा जरा जास्त सुजला, चार दिवस जास्त घरात बसावं लागलं, एखादी बाजू किंचित खाली राहिली, तर काय बिघडलं? कुणाला कळणारही नाही. दोघींत इतका फरक पडू नये, एवढंच. हे सगळं तिच्या डोक्यात इतक्या सरळ ओळीत येत होतं की तिला स्वतःचीच भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. वाटला तो एक प्रकारचा थंडावा.

धाकटीने डबी घेतली, झाकण न उघडता टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ऑपरेशननंतर पहिले काही दिवस तूच राहशील ना माझ्याकडे?"

"मी नाही तर कोण राहणार?" थोरली म्हणाली.

दुसऱ्या रविवारीही तिने डबी तशीच भरली. या खेपेस हात थांबलासुद्धा नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दोघी दवाखान्यात पोचल्या. धाकटीला मागून नाड्या असलेला झगा दिला होता आणि चेहऱ्यावर पावडरीचा कण नव्हता. मग डॉक्टरांनी येऊन जांभळ्या पेनने तिच्या चेहऱ्यावर रेघा काढल्या, कानासमोरून, कानामागून, जबड्याच्या कडेने. कापडावर खडूने खुणा करतात तशाच. थोरली बघत राहिली. आयुष्यभर तिने लोकांच्या कपड्यांवर अशा रेघा ओढल्या होत्या. आज त्या स्वतःच्या चेहऱ्यावर ओढलेल्या ती बाहेरून बघत होती.

"भीती वाटतेय ग," धाकटी म्हणाली. तिचा हात बर्फ झाला होता.

"त्यात काय भ्यायचंय," थोरली म्हणाली. तिचाही हात काही ऊबदार नव्हता.

नर्स आली आणि तिने ठरलेले प्रश्न विचारले. सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का? कवळी वगैरे आहे का? "आणि सांगितलेल्या त्या सगळ्या गोळ्या बंद होत्या ना? माशाचं तेल वगैरे?"

"बंद होत्या," धाकटी म्हणाली. हे म्हणताना तिने नर्सकडे नाही, थोरलीकडे पाहिलं.

थोरली खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. तो पाटीच्या टोकापर्यंत पोचला, तेव्हा धाकटीला निजवलेली स्ट्रेचरची गाडी ढकलत दाराबाहेर नेली होती. चाकांचा आवाज पॅसेजमधून लांब लांब जात होता. 'कातडी मरू शकते.' हे शब्द थोरलीला त्या खोलीतच ऐकू आल्यासारखे वाटले. मेलेली कातडी तिला दिसली, धाकटीच्या गालावर नव्हे, स्वतःच्या गालावर, त्या खळीच्या जागी, आणि ती उठली.

"थांबा!" पॅसेजमधून धावताना तिची चप्पल निसटली. "अहो सिस्टर, थांबवा! तिला आत नेऊ नका!"

डॉक्टर टोपी चढवलेल्या तशाच बाहेर आल्या. गाडी दारातच थांबली.

"मी दिल्या होत्या तिला," थोरली धापा टाकत म्हणाली. "डबीत. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, सगळ्या. दोन्ही आठवडे. तिला माहीत नव्हतं. मी मुद्दाम…"

मग गाडीवरून, रेघा ओढलेल्या त्या चेहऱ्यातून, धाकटीचा आवाज आला. "मी त्या घेतल्या नाहीत, डॉक्टर."

"अग मी दिल्या होत्या!"

"तू दिल्यास. मी घेतल्या नाहीत. मी त्या कधीच घेत नाही." धाकटी छताकडे बघत होती. "कित्येक वर्षं नाही घेतल्या. त्या तेलाच्या गोळीने दिवसभर माशाचे ढेकर येतात. अत्तराच्या काउंटरवर उभं राहून?"

थोरलीला आधी हे कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला वाटलं की भर पॅसेजमध्ये कुणीतरी आपल्या मुस्कटात मारली.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "पहिल्या दिवशी रोज घेता म्हणून यादी सांगितली, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"ही शेजारी बसली होती. काय सांगणार होते?"

"एक म्हणते दिल्या, दुसरी म्हणते घेतल्या नाहीत, आणि आधी एक ऐकलं, आता दुसरंच ऐकतेय. मी कुणाच्या भरवशावर कापू?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, पण नर्सने मान खाली घातली. "आजचं ऑपरेशन रद्द. दोन आठवड्यांनी पुन्हा या. तोपर्यंत जे काही पोटात जाईल ते तुमच्या स्वतःच्या हाताने, आणि मला खरं सांगून."

टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांना चिकटून बसल्या. धाकटीच्या चेहऱ्यावरच्या जांभळ्या रेघा पुसल्या गेल्या नव्हत्या. टॅक्सीवाला सारखा आरशातून बघत होता, तेव्हा धाकटी त्याला म्हणाली, "पुढे बघा," आणि तेवढेच शब्द त्या रस्त्यात झाले.

धाकटीच्या घरी आल्यावर तिने पर्स सोफ्यावर फेकली. थोरली दारातच उभी राहिली.

"आत ये, दार लाव. शेजारी ऐकतील."

थोरली आत आली. "मग इतकी वर्षं त्या गोळ्यांचं काय केलंस?"

"हे विचारायचंय तुला? आधी हे?" धाकटी हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "वरच्या मजल्यावर मांजर आहे. तेलाच्या तिला. बघून ये, कशी तुकतुकीत झालीय. बाकीच्या कचऱ्यात."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू रविवारी आली असतीस?"

आली असती, असं थोरलीला म्हणायचं होतं. पण हात हलवत, डबीशिवाय, नुसतीच धाकटीकडे बसायला गेलेली स्वतःला ती डोळ्यांपुढे आणू शकली नाही.

"आणि मला कळलं नाही असं समजू नकोस," धाकटी म्हणाली. "कचऱ्यात रिकामी करायला डबी उघडली, तर पिवळ्या गोळ्या तशाच. पहिल्या रविवारी वाटलं, सवयीने पडल्या असतील. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तेव्हा मी वाट बघायला लागले."

"कसली?"

"तू कधी सांगतेस त्याची."

"म्हणजे तू माझी परीक्षा बघत होतीस?"

"तू माझं काय बघत होतीस?" धाकटी ओरडली. "मी खरंच घेतल्या असत्या तर? मला मारायला निघाली होतीस तू!"

"मारायला नाही ग! थोडंसं काळंनिळं…"

"किती थोडंसं? माप घेतलं होतंस का?"

थोरलीने खुर्ची ओढली. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं त्यावर तिचाच ताबा राहिला नाही. "तुला सगळं मिळालं. आवाज मिळाला, लोक मिळाले, मान वर करून जगायला मिळालं. एक चेहरा तेवढा सारखा होता. तेवढा एक. तोही तुला एकटीला जास्तीचा हवा? आणि मी काय, आधीची?"

धाकटी ओल्या फडक्याने रेघा पुसू लागली. जांभळा रंग गालभर फासला गेला.

"मी का करतेय माहितेय?" शेवटी ती म्हणाली. "मॅनेजर वगैरे आहेच. पण आरसा टाळता येतो. दिवा घालवावा, पाठ करावी. तू टाळता येत नाहीस. दर रविवारी दारात उभी. मी किती म्हातारी झालेय ते आठवण करून द्यायला आल्यासारखी."

असं कुणी कुणाला बोलू नये. पण दोघींनी त्या दिवशी एकमेकींना जे द्यायचं ते देऊन टाकलं. थोरली उठली, दार ओढून निघून आली. रस्त्याने चालताना तिला धाकटीचा राग आला, लाज वाटली, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट सापडली, जी तिला आवडली आणि जिची तिला शरमही वाटली: आपलं तोंड बघून धाकटीला त्रास होतो. धाकटीलाही.

घरी गेल्यावर ती खिडकीपाशी जरा वेळ उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला हव्यात का या?" तो म्हणाला, "स्मरणशक्तीच्या ठेव." त्याच्याकडे बघून तिला रडू फुटलं आणि बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

पुढच्या तारखेला धाकटीने तिला बोलावलं नाही. तिने दिवसरात्र राहणारी एक बाई पगारावर ठेवली. ऑपरेशन झालं, नीट झालं, हे थोरलीला फोनवर त्या बाईकडून कळलं. "ताईंनी सांगितलंय की तुम्हाला कळवा," बाई म्हणाली. परक्या बाईच्या तोंडी 'ताई' ऐकून थोरलीला झोंबलं. आजवर ती धाकटीच्या नशिबावर जळत आली होती. आता तिच्या मोलकरणीवर जळत होती. त्या बाईने उशा नीट लावल्या असतील का? डोकं उंच ठेवायचं असतं. सूज उतरायला मीठ कमी करायचं असतं. हिला कोण सांगणार?

तीन दिवस तिने कळ काढली आणि चौथ्या दिवशी गेलीच.

धाकटी पलंगावर टेकून बसली होती. डोक्याभोवती पट्टा, डोळे सुजून फटी झालेले, गळ्यापर्यंत पिवळट-जांभळा रंग उतरलेला. तो चेहरा कुणाचाच नव्हता. थोरलीचा तर नव्हताच. हातात प्रोटीनच्या पावडरीचा ग्लास होता, त्यात गाठी तरंगत होत्या.

"हे नाही पिववत," धाकटी ओठ न हलवता म्हणाली.

"दूध एकदम ओतलंय. आधी थोड्या दुधात पावडर कालवायला हवी." थोरलीने पदर खोचला. टेबलावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्या, लोहाच्या, सीच्या, झिंकच्या. थोरलीचा हात सवयीने तिकडे गेला.

"गोळ्यांना हात लावायचा नाही," धाकटी म्हणाली.

थोरलीने हात मागे घेतला.

"बाकी बस," धाकटी म्हणाली.

ती बसली. रोज येऊन बसू लागली. ग्लास घुसळून द्यायची, गोळ्या त्या बाईने दिलेल्या निमूट बघायची. लोहाच्या गोळ्यांनी धाकटीचं पोट जड झालं तेव्हा थोरलीकडे त्यावर चार उपाय होते, तिने जीभ चावली आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव." त्या एका वाक्याला तिला जेवढे कष्ट पडले तेवढे एखाद्या अख्ख्या कोटाला अस्तर लावायला पडले नसते.

पट्टा निघाला त्या दिवशी तिने टाके पाहिले. कानासमोरच्या घडीत, कातडीच्या रंगात मिसळून गेलेली बारीक शिवण. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. थोरली चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"कसंय?" धाकटीने धास्तावून विचारलं.

"हात चांगला आहे बाईचा," थोरली म्हणाली. हे कबूल करताना तिला त्या डॉक्टरांचाही हेवा वाटला.

सूज उतरत गेली आणि आतून एक बाई बाहेर आली. ती तरुण नव्हती, पण ताजी होती, नुकतीच गाढ झोपून उठलेली वाटावी अशी. थोरलीने ठरवलं होतं की त्यात काहीतरी खोट काढायची. सापडली नाही. खळी होती तिथेच होती. काउंटरवर धाकटीला परत घेतलं, ते मात्र आठवड्यातले तीनच दिवस. मॅनेजरला म्हणे आणखी ताजं हवं होतं. हे ऐकून थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तिने त्या मॅनेजरला अशी काही शिवी हासडली की धाकटी बघतच राहिली.

मग एका दुपारी दोघी पादत्राणांच्या दुकानात गेल्या. धाकटीला उंच टाचांचे बूट हवे होते. विकणारी मुलगी गुडघ्यावर बसून तिला बूट घालून देत होती. थोरलीकडे मान वर करून ती प्रेमाने म्हणाली, "आईंना पण दाखवू का काही? मऊ तळव्याचं?"

धाकटीचा चेहरा एकदम ओशाळला. नव्या कातडीतही ओशाळणं जुनंच होतं. ती काहीतरी सावरायला तोंड उघडणार, तोच थोरली म्हणाली, "नको ग बाळा. लेकीचीच हौस पुरवता पुरवता पुरेवाट झालीय. भारी हट्टी आहे कार्टी."

धाकटीला हसू आलं. पण गाल अजून ताठ होते, पुरतं हसता येईना, ती दोन्ही हातांनी कान धरून "आई गं, आई गं" करत राहिली, आणि विकणारी मुलगी अधिकच गोंधळली. थोरली हसत होती. आतून मात्र तिला तो शब्द चरचरत गेला होता, आई, आणि तो तसाच चरचरत राहणार हे तिला माहीत होतं.

परतीच्या बसला गर्दी होती. धाकटीने हौसेने नवे बूट पायातच ठेवले होते. दारापाशी बसलेला एक तरुण थोरलीकडे बघून चटकन उठला. "बसा, मावशी." धाकटीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

थोरली ऐसपैस बसली. पिशव्या मांडीवर घेतल्या. शेजारी धाकटी वरचा दांडा धरून उभी होती, कधी या पायावर, कधी त्या. दोन थांबे गेले, तसं ती वाकून पुटपुटली, "ए, टाचा फार दुखतायत ग."

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

"ताई…" धाकटी म्हणाली.

"तुझी पिशवी आण इकडे," थोरली म्हणाली. तिने ती पिशवीही मांडीवर घेतली, पण जागा काही सोडली नाही.